मधुकर आणि पळस : रविवारी निघण्याआधीचा पाठ

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दाना ओली, लष्कर, ग्वाल्हेर



फाल्गुन लागला. सरसोंची कापणी उरकत आलीय आणि तिघऱ्याच्या बाजूला बांधाबांधावर पळस फुललाय. रविवारी आपली काही कुटुंबं एका शेतकऱ्याच्या शेताला लागून असलेली झाडी बघायला जाणार आहेत. त्याआधी हा पाठ घरी सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा, मुलांनाही बसवावं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांची याच स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली. त्या चोवीसांत मधुकर आहे. त्याच्याकडून अवधूत शिकला की फुलाफुलातून थोडं थोडं घ्यावं, कुणालाच भार होऊ नये. साधूची भिक्षा तशीच असावी. शास्त्र लहान असो की मोठं, त्यातलं सारही तसंच घ्यावं. आणि उलटा धडाही त्याच्याकडूनच मिळाला : साठवू नये. मधमाशी साठवते, आणि त्या साठ्यापायीच जीवाला मुकते.

आता पळस बघा. या दिवसांत झाडावर पान जवळपास नसतं, नुसती केशरी फुलं. फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा, म्हणून संस्कृतात किंशुक : 'हा पोपट तर नव्हे?' वास नाहीच म्हणा ना, पण मध भरपूर. म्हणून शिंजीर, मैना, बुलबुल यांची दिवसभर ये-जा असते. झाडापासून थोडं लांब दहा मिनिटं गप्प उभे राहा, सगळं दिसेल. (मोबाईल खिशात राहिला तर जास्त दिसेल.) पुढे यालाच चपटी शेंग धरते आणि तिच्यात, अगदी टोकाला, बी एकच. पत्रावळी, मुंजीतला दंड, होमाच्या समिधा, सगळं आपण या झाडाकडून घेत आलोय.

एका काकूंनी गटावर विचारलंय, "देवासाठी फुलं तोडली तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे. पारिजातक सोडला तर खाली पडलेलं फूल आपण देवाला वाहत नाही, ही घरोघरची रीत. तेव्हा मालकाला विचारावं आणि सगळ्यांच्या मिळून पाच फुलं घ्यावीत. बाकीच्यांनी मानसपूजा करावी, ती कमी प्रतीची नाही. फांदी मात्र मोडायची नाही, ना देवासाठी ना फोटोसाठी. रंगपंचमीच्या रंगाला गळलेली फुलं चालतात. पाण्यात उकळली की छान केशरी-पिवळा रंग उतरतो. तीही विचारूनच वेचावीत, कारण पडलेलं म्हणजे बेवारशी नव्हे. मोहाचंच बघा. चैत्राच्या सुमारास त्याची फुलं पहाटे गळतात आणि शिवपुरी-श्योपूरकडच्या सहरिया घरांतल्या बायका-मुलं ती वेचतात. ती त्यांची कमाई. आपण कौतुकाने पिशवी भरून आणली तर ती कुणाच्या तरी घरातली गेली.

बांधावर खालीही बघा. भुईरिंगणीचं जांभळं फूल जमिनीलगत असतं, काटे जपून. पिवळा धोत्रा, ज्याला इथे सगळे सत्यानाशी म्हणतात, तोही फुललेला असेल. फूल देखणं, पण मुलांना हात लावू देऊ नका. त्याचं बी सरसोंसारखंच दिसतं. १९९८ साली दिल्लीत याचीच भेसळ झालेल्या तेलाने साठाहून जास्त माणसं दगावली.

निघायचं सकाळी साडेसहाला. डबा घरचा, पाणी आपलं, कचरा परत आपल्याच पिशवीत. शेतात हरभरा उभा असेल तर बांधावरूनच चालावं, आणि 'दोन घाटे घेतले तर काय' हे मोठ्यांनीही म्हणू नये. आल्यावर प्रत्येक घराने काय पाहिलं ते चार ओळींत गटावर लिहावं. गुरुवारच्या वाचनात पुढचा गुरू : हत्ती.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥