उतार आधी, चढ मागाहून
(विंध्याच्या कड्यावर चालणाऱ्यांसाठी)



सोयाबीन निघून गव्हाची पेरणी आटोपली की शेतीकामाला थोडी उसंत मिळते. मग धर्मग्रामातील तरुण मंडळी आणि महाराष्ट्रातून आलेले पाहुणे मांडव किंवा जानापाव पाहण्यास निघतात. डोंगर चालणे आरोग्यास उत्तम. परंतु धार-देवासचा डोंगर पुण्या-नाशिककडील डोंगरासारखा नाही, आणि तो फरक ओळखला नाही तर धडधाकट माणूसही अडचणीत सापडतो.

सह्याद्रीतील गड पायथ्यापासून चढावा लागतो. दमलो तर मागे फिरावे, वाट उताराचीच असते. आपला माळवा मात्र स्वतःच उंच पठार आहे. धारहून सुमारे ३५ किलोमीटरवरील मांडव समुद्रसपाटीपासून ६३३ मीटर उंच आहे. तेथे रूपमतीच्या मंडपापाशी उभे राहिले की जमीन एकदम तुटते आणि शेकडो मीटर खाली निमाडचे मैदान दिसते. अशा कड्यावरून खाली जाणारा मनुष्य सकाळी ताज्या पायांनी, हसतखेळत उतरतो. चढ त्याच्या वाट्याला येतो तो दुपारी, ऊन तापल्यावर, पाणी संपत आल्यावर. त्यातच दर हजार मीटर उंचीमागे हवा सुमारे साडेसहा अंशांनी बदलते. म्हणजे ३०० मीटर खाली उतरलात, तर दोन अंश अधिक उष्णतेत गेलात.

वेळेचा व पाण्याचा हिशेब

स्कॉटलंडमधील नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब सांगितला, तो आजही वापरतात. दर ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट ३ किलोमीटर व चढ ३०० मीटर आहे. चालीची ३६ मिनिटे आणि चढाची ३० मिनिटे मिळून ६६ मिनिटे होतात. हा हिशेब सवयीच्या माणसाचा आहे. बरोबर मुले, वडीलधारी किंवा ओझे असेल तर दीडपट वेळ धरावा.

पाण्याचा नियम असा : जवळच्या पाण्याचा तिसरा हिस्सा संपला की मागे फिरावे. उरलेले दोन हिस्से चढासाठी राखावेत. उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते सोबत न्यावे. चमचा चहाचा असावा. मीठ अंदाजाने वाढवू नये.

निघण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घ्यावयाची असल्यास देवासची टेकडी चांगली आहे. ती शहरापेक्षा सुमारे शंभर मीटरच उंच आहे. सोबत्याशी बोलत बोलत ती चढता आली तर चाल योग्य समजावी. वाक्य पुरे होण्याआधी धाप लागत असेल तर चाल कमी करावी, आणि छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना दाखविल्याशिवाय मोठ्या वाटेला जाऊ नये. याच टेकडीचे नाव इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी १९५३ साली आपल्या एका पुस्तकाला दिले. १९२१ साली ते देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस होते.

डोंगर आणि आपले शेत

हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. रसाचे थर एकावर एक साचले, म्हणून माथे सपाट व कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. उन्हाळ्यात आपली काळी जमीन वाळून आकसते आणि तिला बहुकोनी भेगा पडतात, हे आपण पाहतोच. लाव्हारसही थंड होताना तसाच आकसला. देवास जिल्ह्यात बागलीकडे कावडिया पहाडात दगडाचे खांब रचून ठेवल्यासारखे दिसतात, ते या भेगांमुळेच. आपली काळी माती याच खडकाची झीज होऊन झाली आहे.

विंध्याची धार पाण्याचीही वाटणी करते. जानापावच्या उत्तरेला पडलेला थेंब चंबळ, यमुना व गंगेतून बंगालच्या उपसागरास जातो, तर दक्षिणेकडे पडलेला थेंब नर्मदेतून अरबी समुद्रास मिळतो. म्हणून नागमोडी पायवाट सोडून सरळ आडवाटेने उतरू नये. गवत तुडवले जाते, पहिल्या पावसात तेथे घळ पडते, आणि वरची माती व गोटे खालच्या शेतकऱ्याच्या रानात येतात. आपल्या बांधावरून कोणी असे गेले तर आपल्याला चालेल काय?

मांडवला गोरखचिंचेची जाडजूड झाडे दिसतात. तेथे तिला खुरासानी इमली म्हणतात. हे झाड मूळचे आफ्रिकेतील असून खोडात पाणी साठवून ठेवते. त्याच्या फळाच्या आंबट गरात क जीवनसत्त्व असते. तोंडाला त्याने पाणी सुटते, पण तहान पाण्यानेच भागते.

संकटात काय करावे

१. लोंढा : जुलै २०११ मध्ये महूजवळ पाताळपाणी धबधब्यावर एका कुटुंबातील माणसे अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली आणि काहींचा जीव गेला. डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या अंगाला पडलेला पाऊस खाली येतो. पाणी गढूळ झाले, काडीकचरा वाहू लागला किंवा आवाज वाढला, की सामान सोडून ताबडतोब काठावर चढावे. ओढ्याच्या पात्रातील खडकावर बसून जेवू नये.

२. वीज : माथा व एकटे झाड टाळावे. आडोसा नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये.

३. मुरगळलेला पाय : गरम तेलाने चोळण्याची आपल्याकडे रीत आहे, पण पहिले दोन दिवस तसे केल्याने सूज वाढते. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, बेताने बांधावे व पाय उंच ठेवावा.

४. साप : दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. तो अवयव हलू न देता रोग्याला उचलून रुग्णालयात न्यावे. सापावरील लस तेथेच मिळते. झाडपाल्यात वेळ घालविल्याने माणसे दगावतात.

५. ऊन : माणूस बरळू लागला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात होय. सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

शेवटी, एकट्याने जाऊ नये. टोळीत सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे, म्हणजे कोणी मागे राहत नाही. कोणत्या वाटेने जाणार व किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे. खोऱ्यात फोन लागेलच असे नाही. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ प्रत्येकाला पाठ असावा, आणि उतरण्याआधी वर राहणाऱ्या एखाद्या गावकऱ्याला आपण खाली जात असल्याचे अवश्य सांगावे.