प्रोसेसरचा आकडा: ताप नव्हे, नाडी

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा घरोघरच्या लॅपटॉपचे पंखेही घरघर करू लागतात. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखे सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसरचे तापमान पाहणे आता सोपे झाले आहे, आणि पडद्यावर ८५ किंवा ९० हा आकडा दिसला की अनेकांच्या पोटात गोळा येतो. ही धास्ती स्वाभाविक आहे. तापमानाशी आपली पहिली ओळख थर्मामीटरवर होते, आणि तिथे आकडा थोडा जरी चढला तरी घरात धावपळ सुरू होते. तीच सवय आपण संगणकालाही लावतो. वाचकहो, या लेखात मला एवढेच पटवून द्यायचे आहे, की प्रोसेसरचा आकडा तापासारखा वाचू नका, नाडीसारखा वाचा. आणि तापमानाची खरी काळजी स्वतःच्या शरीरासाठी राखून ठेवा.

तापाच्या आकड्याला एवढे महत्त्व का आले, ते आधी पाहू. जर्मनीतील लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवरून १८६८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास एका अरुंद पट्ट्यात राहते, आणि ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे त्यांनी नोंदींच्या बळावर मांडले. हा पट्टा सांभाळण्यासाठी मेंदू सतत राबत असतो: उकडले की घाम आणतो, त्वचेकडे रक्त वळवतो, थंडी वाजली की अंगाला कापरे भरवतो. म्हणूनच दोन अंशांची वाढही काहीतरी बिघडल्याची खूण ठरते, आणि शरीराच्या आतले तापमान ४० अंशांवर जाऊन माणूस बरळू लागला तर तो उष्माघात, जिवावरचा प्रसंग. प्रोसेसरला असा कोणताही एक आकडा टिकवायचा नसतो. काम वाढले की तो जास्त वीज घेतो, त्या विजेची उष्णता होते; काम संपले की तो निवतो. आपल्या नाडीचेही असेच आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या चढणाऱ्या तरुणाची नाडी ७० वरून १४० वर गेली, तर त्याला कोणी आजारी म्हणणार नाही. डॉक्टर तीन गोष्टी पाहतो: विश्रांतीत नाडी किती, श्रमात ती कुठवर चढते आणि थांबल्यावर किती लवकर उतरते.

हेच तीन प्रश्न प्रोसेसरला विचारा. संगणक सुरू करून दहा-पंधरा मिनिटे काहीही न चालवता आकडा टिपा. मग नेहमीचे जड काम, व्हिडिओ संपादन किंवा गेम, अर्धा तास चालवून टिपा. मग काम बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा टिपा. इंटेलच्या अनेक प्रोसेसरना १०० अंशांपर्यंत मर्यादा दिलेली असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरना ९५. ती मर्यादा आली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते. म्हणजे जड कामात दिसलेला ८५ हा बहुतेक लॅपटॉपमध्ये श्रमाचा आकडा आहे, आजाराचा नाही. आणखी एक नोंद या तिन्हींइतकीच मोलाची आहे, ती खोलीच्या तापमानाची. पंख्याचा वेग तोच असेल तर प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच वर राहतो. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारे यंत्र मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८० च्या घरात जाईल, आणि त्यात बिघाड काहीच नसेल. नाशिकच्या सातपूरला ईएसडीएस कंपनीचे डेटा सेंटर आहे; अशा केंद्रांसाठी ‘ॲश्रे’ ही अमेरिकी संस्था जी शिफारस करते, ती यंत्रात शिरणाऱ्या हवेबद्दल असते: १८ ते २७ अंश. चिपच्या आकड्याला अर्थ येतो तो भोवतालच्या हवेमुळे.

यावर कोणी म्हणेल, प्रोसेसर स्वतःला सांभाळतोच, तर मग पाहायचे कशाला? पाहायचे, कारण विश्रांतीतला आकडा खूप काही सांगतो. खोली तितकीच गार, काम काहीच नाही, आणि तरीही मागच्या महिन्यापेक्षा आकडा दहा-पंधरा अंशांनी वर, किंवा काम थांबवूनही तो उतरत नाही, तर जाळीत धूळ बसलेली असते, पंखा दमलेला असतो, थर्मल पेस्ट वाळलेली असते, नाहीतर पडद्यामागे एखादा प्रोग्राम राबत असतो. सर्व्हिसिंगची वेळ अशी कळते. मात्र दर पाच मिनिटांनी आकडा पाहत बसणे हे नाडीवर सतत बोट ठेवून बसण्यासारखेच निरर्थक आहे. त्यातून काळजीच वाढते. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच कामाला नोंद केली की पुरे.

आता शरीराच्या काळजीकडे वळू. चिपच्या आतले ९० अंश तुमच्या मांडीपर्यंत पोचत नाहीत. पण लॅपटॉपच्या बुडाची उष्णता पोचते, आणि ती सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. मोरित्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवले, की ६० अंशांचा स्पर्श पाच सेकंदांत त्वचा भाजतो, तर ४४ अंशांना त्यासाठी सुमारे सहा तास लागतात. मंद उष्णतेचा धोका या दुसऱ्या आकड्यात आहे. लगेच भाजण्याइतकी नसलेली, ४३ ते ४७ अंशांची ऊब महिनोन् महिने एकाच जागी लागत राहिली की त्वचेवर तांबूस-तपकिरी, जाळीसारखा डाग उमटतो. वैद्यकात त्याला एरिथेमा अॅब इग्ने म्हणतात. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या डॉक्टरांनी १२ वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. तो काही महिने रोज तासन् तास मांडीवर लॅपटॉप घेऊन गेम खेळत असे, आणि त्याच्या डाव्या मांडीवर असा डाग आला. लॅपटॉपची डावी बाजू जास्त तापते हे त्याला कळत होते, तरी त्याने तो हलवला नव्हता. उष्णता थांबली की असे डाग बहुधा काही महिन्यांत फिके होतात. पण वर्षानुवर्षे शेक चालू राहिला तर क्वचित त्या जागी कर्करोगही होतो. काश्मिरात पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे भांडे, धरण्याच्या सवयीतून होणारा त्वचेचा कर्करोग डॉक्टरांना दीड शतकापासून ठाऊक आहे.

‘चटका बसला तर मांडी आपोआप बाजूला होईलच की,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. मंद उष्णतेत चटका बसत नाही. उलट थंडीच्या दिवसांत ऊब बरी वाटते. आणि ज्यांना अनेक वर्षांचा मधुमेह आहे, त्यांच्या पायांच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. त्यांना उष्णता जाणवतच नाही, फोड आल्यावर कळते आणि जखम भरायला वेळ लागतो. पुरुषांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वृषणांचे तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते, शुक्राणू नीट तयार होतात ते तेव्हाच. न्यूयॉर्कमधील डॉक्टर शेयनकिन यांनी २००५ मध्ये २९ तरुणांवर केलेल्या अभ्यासात मांड्या जुळवून तासभर बसल्यानेच तिथले तापमान सुमारे दोन अंशांनी वाढले, आणि लॅपटॉप ठेवल्यावर अडीच अंशांहून अधिक. यातून वंध्यत्व येते असे त्या अभ्यासाने सिद्ध केले नाही, आणि मीही तसे म्हणणार नाही. पण मूल हवे असलेल्या जोडप्याने ही सवय सोडण्यात तोटा काहीच नाही. लॅपटॉपखाली पॅड किंवा उशी घेतली तर? त्याच डॉक्टरांच्या २०११ च्या अभ्यासात पॅड असूनही मांड्या जुळलेल्या असताना एक अंशाची वाढ १४ मिनिटांतच झाली. पाय फाकवून बसल्यावर तेवढ्याच वाढीला २८ मिनिटे लागली. उशीने तर बुडाची जाळी बंद होते आणि यंत्रही तापते.

उन्हाळ्यात खोलीचाही विचार करा. संगणक जितकी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते. गेम चालवणारा मोठा डेस्कटॉप ३०० ते ४०० वॉट टाकतो. सिडकोतल्या वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत मे महिन्याच्या दुपारी असे यंत्र चालू असेल, तर तिथे आजी-आजोबा किंवा तान्हे बाळ झोपवू नका. अशी कामे सकाळी किंवा रात्री करा.

थोडक्यात सांगायचे तर लॅपटॉप टेबलावर ठेवा, बूड थोडे उचललेले राहू द्या. गादीवर, उशीवर ठेवू नका, चालू असताना दप्तरात घालू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर ताबडतोब थांबवा. मांडीवर किंवा पोटावर जाळीदार डाग दिसला तर आधी उष्णता थांबवा. त्या जागी गाठ, खपली किंवा न भरणारी जखम असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका. मधुमेह असलेल्यांनी लॅपटॉप मांडीवर मुळीच घेऊ नये, पडद्यावरचा आकडा कितीही कमी असला तरी.