चॉकलेटचा कागद वाचू या : लेकरांसाठी चार कृती



या महिन्याचा पाठ आपल्या लेकरांसाठी आहे. एमआयडीसीलगतच्या वस्त्यांमध्ये बऱ्याच घरी आईबाप दोघंही कामाला जातात. जाताना लेकराच्या हातावर पाच रुपये ठेवले जातात आणि ते थेट किराणा दुकानातल्या बरणीत जातात. "चॉकलेट खाऊ नको" हे आपण रोज सांगतो. त्याचा उपयोग किती होतो, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून नुसतं नको म्हणण्याऐवजी त्या चॉकलेटवरच वर्ग घेऊ. अंगणवाडीत, समाजमंदिरात, नाहीतर बैठकीच्या दिवशी कुणाच्या ओट्यावर. तिसरी ते आठवीची दहा-पंधरा लेकरं जमली तरी पुरे.

कृती १ : कागद वाचणे

साहित्य : लेकरांनी आठवडाभर जमा केलेले गोळ्या-चॉकलेटचे रिकामे कागद.

आपण लिमलेटच्या गोळीलाही चॉकलेट म्हणतो आणि टॉफीलाही. पण खरं चॉकलेट कोकोच्या बियांपासून बनतं. कागदावरचे घटक बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून मोठ्या वर्गातल्या लेकराला ते मोठ्यानं वाचायला सांगा. "कोको" शब्द असलेले कागद एका बाजूला ठेवा, नसलेले दुसऱ्या बाजूला. कोकोवाला ढीग लहान निघाला तर नवल नाही.

आता प्रत्येक कागदावरचा पहिला घटक कोणता ते बघा. नियम असा आहे की जो घटक वजनानं सगळ्यात जास्त, त्याचं नाव आधी लिहायचं. बहुतेक कागदांवर पहिला शब्द "शुगर" म्हणजे साखर सापडेल. कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल किंवा तूप वापरलं असेल तर तेही तिथंच लिहिलेलं असतं. सोबत एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आणि तारीख शोधायला लावा. कागद वाचायची ही सवय उद्या मसाला, तेल आणि औषध घेतानाही कामाला येईल.

कृती २ : चमचे मोजणे

साहित्य : साखर, चहाचा चमचा, वाटी.

कागदावर १०० ग्रॅममागे किती साखर आहे, ते छापलेलं असतं. समजा, तिथं ५० ग्रॅम लिहिलंय आणि चॉकलेट २० ग्रॅमचं आहे, तर त्यात १० ग्रॅम साखर झाली. एका सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, म्हणजे अडीच चमचे. लेकरांनाच गणित करू द्या आणि तेवढी साखर वाटीत काढू द्या. दिवसभरातल्या चहाची साखरही त्यात मिळवा. वरून घातलेली साखर मोठ्या माणसानंही दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेकरांचं माप त्याहून कमी. डोळ्यांसमोर भरलेली वाटी दिसली की वेगळं रागवावं लागत नाही.

कृती ३ : विरघळणे आणि वितळणे

साहित्य : साखरेची गोळी, चॉकलेटचा तुकडा (दोन्ही दोन-दोन), चार वाट्या, गार पाणी, गरम पाण्याचं पातेलं.

गार पाण्याच्या एका वाटीत गोळी टाका, दुसरीत चॉकलेट. गोळी हळूहळू पाण्यात मिसळून जाते, चॉकलेट तसंच राहतं. मग दोन कोरड्या वाट्यांत गोळी आणि चॉकलेट ठेवून त्या वाट्या गरम पाण्यात धरा. आता चॉकलेट पातळ होतं, गोळी तशीच राहते. पहिलं झालं विरघळणं, दुसरं वितळणं. कोकोचं लोणी सुमारे ३४ अंशांना वितळतं आणि आपलं अंग ३७ अंशांचं, म्हणून खरं चॉकलेट तोंडात ठेवताच पातळ होतं. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी पार करतो, तेव्हा दुकानदार चॉकलेट फ्रीजमध्ये का ठेवतो, ते आता लेकरंच सांगतील. गरम पाणी मात्र मोठ्यांनीच हाताळावं.

कृती ४ : शेंगदाण्यातून कोको

साहित्य : मूठभर शेंगदाणे, तवा, सूप, खलबत्ता.

कोकोचं झाड आपल्याकडं दिसत नाही. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत ते नारळ-सुपारीच्या सावलीत लावतात. फळ थेट खोडाला लागतं आणि आत पांढऱ्या गरात तीस-चाळीस बिया असतात. त्या काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात, टरफल काढून दळतात. पुढचा भाग आपण शेंगदाण्यावर करून बघू. दाणे भाजा, चोळा, सुपात पाखडा आणि लेकरांना आळीपाळीनं कुटू द्या. आधी कूट होतो, कुटत राहिलं की तेल सुटून गोळा होतो. कोकोचंही असंच होतं. त्यात साखर आणि दूध पावडर घातली की दुधाचं चॉकलेट. गूळ घालून याचेच लाडू वळा, तोच त्या दिवशीचा खाऊ. कुणाला शेंगदाण्याचा त्रास होत असेल तर आधी विचारून घ्या, आणि अगदी लहान लेकरांना अख्खे दाणे देऊ नका.

आता आपल्यासाठी

एवढ्या कष्टाचा कोको पिकवतं कोण? जगातला निम्म्याहून जास्त कोको आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २०२० साली शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेचा अभ्यास जाहीर झाला. त्यानुसार २०१८-१९ मध्ये या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतीत राबत होती.

हे ऐकून लांबचं वाटेल, पण कागदावरचा पहिला शब्द आठवा. साखरेमागं ऊस आहे आणि उसामागं कोयता. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. लेकरंही सोबत जातात. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते, मोळ्या बांधू लागते, आणि परत आल्यावर शाळेत मागं पडते. पुष्कळदा तिचं लग्नही लवकर उरकलं जातं. कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही, पण फडावर कायदा बघायला कुणी येत नाही.

यावर एक वाट आहे. आईवडील तोडीला गेले तरी लेकरू गावातच राहून शिकावं, म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडं करता येते. उचल घेतली की घर निघणार हे नक्की होतं, म्हणून विचारणा दसऱ्याच्या आधीच व्हायला हवी. पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला :

१. आपल्या गटातल्या किंवा गल्लीतल्या कोणत्या घरून यंदा तोडीला जाणार आहेत?
२. त्यातली शाळेत जाणारी लेकरं किती? मुली किती?
३. ही यादी घेऊन मुख्याध्यापकांकडं कोणत्या दोन ताया जातील?

वर्गात ऊसतोडीचं लेकरू असेल तर त्याला सगळ्यांपुढं उभं करून विचारू नका. त्याला सांगावंसं वाटलं तर ते स्वतः सांगेल. यादी तयार झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत द्या, मी सोबत शाळेत येते.

– क्षेत्र समन्वयक, जालना एमआयडीसी विभाग