समाजविज्ञान की संज्ञापन: अभ्यासक्रमाची निवड आणि प्रवेशाच्या अटी



पदवीनंतर समाजविज्ञानाकडे वळावे की संज्ञापनाकडे, या प्रश्नाची चर्चा बहुधा संस्थांच्या नावांपासून सुरू होते आणि प्रवेशपरीक्षेच्या गुणांपाशी संपते. वास्तविक तिची सुरुवात दोन्ही शाखांच्या अभ्यासपद्धतीपासून व्हायला हवी. समाजविज्ञान, म्हणजे समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांसारख्या विषयांचा समूह, सामाजिक घडामोडींमागची कारणे पुराव्याने शोधायला शिकवतो. संज्ञापन, म्हणजे माहिती आणि अर्थ यांच्या देवाणघेवाणीचा अभ्यास, त्या घडामोडी कोणत्या माध्यमातून आणि कोणाच्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचतात हे तपासतो, शिवाय त्या नीट मांडण्याचे कौशल्यही देतो. ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराचा विचार केला, तर पहिली शाखा कोरडवाहू जमीन, कर्ज आणि उचल, म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, यांचा परस्परसंबंध लावते. दुसरी शाखा हेच स्थलांतर बातमीचा विषय केव्हा होते आणि केव्हा वगळले जाते, हे पाहते.

महाराष्ट्रात या दोन्ही वाटांना जुनी परंपरा आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. १९३६ मध्ये समाजकार्याच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिच्या समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत वा संस्थेत जाऊन केलेले प्रत्यक्ष काम, वर्गाइतकेच महत्त्वाचे असते आणि तिच्या माध्यम व संस्कृती अभ्यासाच्या विद्यार्थ्यांना संशोधनाबरोबर माहितीपटही करावे लागतात. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट ओळखली जाते, तर भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचे शिक्षण मिळते.

प्रवेशाच्या अटींतही मोठा फरक आहे. यांपैकी बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. अर्थशास्त्रासारख्या विषयांत मात्र गणिताची तयारी अपेक्षित असते. केंद्रीय संस्था प्रामुख्याने सीयूईटी-पीजी या सामाईक वस्तुनिष्ठ परीक्षेचे गुण धरतात. पदवीपूर्व प्रवेशाची सीयूईटी मराठीतून देता येते, पण पदव्युत्तर परीक्षेच्या बहुतेक प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असतात. म्हणून मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने विषयाची इंग्रजी परिभाषा आधीपासून आत्मसात करावी.  राज्यातील विद्यापीठांचे नियम वेगळे असल्याने त्यांची त्या त्या वर्षाची माहितीपत्रिका स्वतंत्रपणे वाचावी.

आरक्षणाची कागदपत्रे हा दुर्लक्षित, पण निर्णायक भाग आहे. राज्याच्या व्यवस्थेत विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना स्वतंत्र स्थान आहे, केंद्राच्या व्यवस्थेत ते नाही. त्यामुळे आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहे का, हे तपासून, असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय नमुन्यात वेळेवर काढून घ्यावे. पात्र असूनही केवळ चुकीच्या नमुन्यामुळे जागा हुकणे हा टाळता येण्यासारखा अन्याय आहे.

निवड करताना विद्यार्थिनीने प्रथम आपल्याला छळणारा सामाजिक प्रश्न स्वच्छ शब्दांत लिहावा, मग प्रत्येक अभ्यासक्रमातील संशोधनपद्धती, क्षेत्रकार्य आणि लेखन यांचे प्रमाण त्या प्रश्नाशी ताडून पाहावे, आणि परीक्षेच्या अटींचा विचार त्यानंतरच करावा. कारण अटी पूर्ण करण्याची तयारी काही महिन्यांत होऊ शकते, पण विषयाची ओढ उसनी आणता येत नाही. कारणे उमगल्याशिवाय केलेली बातमी उथळ राहते आणि लोकांपर्यंत न पोहोचलेले संशोधन ग्रंथालयातच राहते. म्हणून आज कोणतीही शाखा निवडली, तरी दुसरीचे वाचन सोडू नये, एवढाच माझा आग्रह आहे.