इंजिनातील बिघाडाचे निदान

मोटारगाडी रस्त्यात बंद पडली की चार माणसे गोळा होतात आणि चौघांची चार मते पडतात. एकाच्या मते बॅटरी उतरलेली असते, दुसऱ्याला पेट्रोलमध्ये भेसळ दिसते, तिसरा प्लग काढून पाहायला सांगतो आणि चौथा इंजिन खोलण्याचा सल्ला देतो. यांपैकी एखादे मत खरेही निघते. तथापि, ते खरे निघाले एवढ्याने त्याला निदान म्हणता येत नाही. अंदाजाला पडताळ्याची गरज भासत नाही; निदान मात्र पडताळ्यावाचून पुरे होत नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. टॅक्सीच्या रोजच्या कमाईवर ज्याचे घर चालते, त्याचे इंजिन चुकीच्या निदानामुळे खोलले गेले तर सुट्या भागांची किंमत आणि मजुरी यांखेरीज गाडी उभी राहिल्याचे दिवसही त्याला सोसावे लागतात. एवढे होऊन मूळ दोष जागच्या जागी राहतो तो राहतोच. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी तंत्रज्ञ काय विचारतो आणि काय पाहतो, यावर त्याच्या कौशल्याची पहिली परीक्षा होते.

१. इंजिनाच्या चार गरजा

निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. आजच्या पेट्रोल मोटारीचे इंजिनही त्याच तत्त्वावर चालते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली येताना हवा आणि इंधन आत ओढले जाते. वर जाताना त्यांचे मिश्रण दाबले जाते. ठिणगी पडताच मिश्रण पेटून दट्ट्या खाली ढकलला जातो. आणि शेवटच्या धावेत जळलेला वायू बाहेर टाकला जातो.

यावरून इंजिनाच्या चार गरजा स्पष्ट होतात : पुरेशी हवा, योग्य प्रमाणात इंधन, पुरेसे संपीडन, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. इंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडावी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. बिघाड कोणताही असो, या चारांपैकी नेमके काय कमी पडते आहे, हा तंत्रज्ञाचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

२. विचारपूस आणि निरीक्षण

वैद्य नाडी पाहण्याआधी रोग्याची हकीकत ऐकतो. त्याचप्रमाणे तंत्रज्ञाने चालकाची हकीकत ऐकावी. त्रास इंजिन थंड असताना होतो की तापल्यावर? चढावर होतो की सिग्नलला उभे असताना? पाऊस पडून गेल्यावर सुरू झाला का? त्याआधी गाडीचे काही काम करून घेतले होते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा निर्णायक ठरते. कारण कामानंतर नीट न बसवलेली एखादी नळी किंवा जोडायची राहिलेली वायर हेच बिघाडाचे मूळ असू शकते.

त्यानंतर बॉनेट उघडून नुसते पाहावे. इंजिन ऑइल आणि शीतक द्रव यांची पातळी, बॅटरीच्या टर्मिनलांवर साचलेला पांढरट-हिरवा थर, तडकलेली रबरी नळी, सैल पट्टा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हे सारे कोणत्याही उपकरणावाचून दिसते.

३. इंजिन सुरू होत नाही

येथे प्रथम दोन अवस्था वेगळ्या केल्या पाहिजेत. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नाही, ही एक. आणि फिरते पण पेटत नाही, ही दुसरी.

पहिल्या अवस्थेत पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी दुबळी असण्याचा किंवा तिचे टर्मिनल सैल वा गंजलेले असण्याचा संभव अधिक. दिवे तसेच प्रखर राहिले, तर वीज सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फमध्येच दोष आहे, असे समजून त्या दिशेने शोध घ्यावा. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते.

दुसऱ्या अवस्थेत ठिणगी आणि इंधन यांची स्वतंत्र तपासणी करावी. इंधन अंतःक्षेपण पद्धतीच्या बहुतेक गाड्यांत चावी फिरवताच टाकीतील पंपाचा क्षणभर गुंजारव ऐकू येतो. तो आला नाही तर नवा पंप आणण्यापूर्वी फ्यूज आणि रिले पाहावेत. मात्र इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी पुन्हापुन्हा सेल्फ मारू नये. कित्येक इंजिनांत त्यामुळे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

४. इंजिन मिसिंग मारते

एखाद्या सिलिंडरमध्ये दहन नीट झाले नाही म्हणजे इंजिन थरथरते आणि गाडी पिकअप घेत नाही. यालाच कारागीर ‘मिसिंग’ म्हणतात. जुन्या अॅम्बेसेडर गाडीत यासाठी डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट, प्लग आणि कार्ब्युरेटर तपासत. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असते, आणि त्यामुळे पडताळ्याची एक सोपी रीत उपलब्ध झाली आहे. समजा, दोष दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे. त्याची कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी. दोष कॉइलबरोबर तिसऱ्याकडे गेला, तर कॉइल सदोष ठरते. दुसऱ्यातच राहिला, तर कॉइल निर्दोष ठरते. मग हीच रीत प्लगसाठी वापरता येते. या तपासणीला एका पैशाचाही खर्च नाही.

ठिणगी आणि इंधन दोन्ही ठीक असतील, तर संपीडन मोजावे. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आढळला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली असावी, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजते. दाब वाढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे असतो. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच उतरला असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याचा संशय बळावतो.

५. धुराचा रंग

सायलेन्सरमधून निघणारा धूर आतील स्थिती सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गाडी बराच वेळ उभी राहून सुरू केल्यावर तो क्षणभरच दिसला तर व्हॉल्व्हची सीले, आणि चढावर किंवा भार असताना सतत दिसला तर रिंगा तपासाव्यात. दाट पांढरा धूर टिकून राहिला आणि शीतक द्रवही घटत गेला, तर तो द्रव सिलिंडरमध्ये शिरत असण्याचा संभव असतो. परंतु उत्तर भारतातील हिवाळ्यात सकाळी काही मिनिटे दिसणारी पांढरी वाफ अगदी स्वाभाविक आहे. तिला बिघाड समजून इंजिन खोलणे हा निव्वळ अपव्यय होय.

६. इंजिन तापणे

समजा, एका टॅक्सीचे इंजिन शहरातील गर्दीत तापते, मात्र मोकळ्या महामार्गावर तापत नाही. हेड गॅस्केट गेले असे सांगून हेड उतरविण्याचा सल्ला तिच्या चालकाला मिळालेला आहे. येथे थोडा विचार केला पाहिजे. महामार्गावर समोरून येणारा वारा रेडिएटरला थंड ठेवतो. गर्दीत ते काम पंख्याला करावे लागते. म्हणून संशय प्रथम पंख्यावर जातो. विद्युत पंखा असेल तर फ्यूज, रिले, तापमानाचा सेन्सर आणि मोटर, आणि पट्ट्यावर फिरणारा असेल तर पट्ट्याचा ताण, या क्रमाने पाहावे. उलट, वेगात असतानाच इंजिन तापत असेल तर रेडिएटरमध्ये साचलेला गाळ, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप यांकडे वळावे.

पंख्याचा फ्यूज जळाला असताना हेड उतरविले, तर सारा खर्च होऊनही गाडी पुढच्या गर्दीत पुन्हा तापणारच. याउलट, तापलेली गाडी तशीच दामटत राहिली तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि जो दोष आधी नव्हता तो खरोखरच निर्माण होतो.

आपल्याकडे उष्ण हवामानाचे कारण देऊन थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. त्यामुळे इंजिन योग्य तापमानापर्यंत पोचत नाही, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते. शीतक द्रवाऐवजी वर्षानुवर्षे खारे पाणी भरणेही तितकेच घातक. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघताच ते एकदम उसळते आणि माणूस गंभीर भाजतो.

७. संगणकाचा संकेत

१ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींना देशभर भारत स्टेज सहा ही प्रदूषण-मानके लागू झाली. अशा गाड्यांतील संगणक इंजिनावर सतत देखरेख ठेवतो आणि दोष आढळल्यास चालकासमोर दिवा लावतो. स्कॅनर जोडला की दोषाचा सांकेतिक क्रमांक मिळतो. उदाहरणार्थ, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. परंतु ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की संपीडन घटल्यामुळे, हे तो क्रमांक सांगत नाही. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी. हा संकेत पाहताच ऑक्सिजन सेन्सर बदलणारे आढळतात. वस्तुतः हवेच्या मार्गातील तडकलेल्या नळीतून जास्तीची हवा आत शिरत असेल, तर सेन्सर केवळ खरे तेच सांगत असतो. यंत्राने लक्षण सांगितले. कारण शोधण्याचे काम माणसाकडेच राहिले.

८. निदानाचा क्रम

सारांश, हकीकत ऐकणे, पाहणे, चार गरजांपैकी कोणती उणी आहे हे ठरविणे, सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जाणे, आणि एका वेळी एकच बदल करणे, हा निदानाचा क्रम होय. दोन भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कोणत्या भागामुळे सुधारली हे कळत नाही. ग्राहकाला मात्र दोन्हींचे पैसे मोजावे लागतात. दुरुस्ती झाल्यावरही एक काम उरते : ज्या परिस्थितीत दोष दिसत होता त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवून पाहणे. गर्दीत तापणारी टॅक्सी गर्दीतच तपासली पाहिजे. तेथे ती तापली नाही, म्हणजे निदान पुरे झाले.