ग्रंथसूचीची नवी वाट

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा नगरीजवळ 'सर्न' नावाची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे टिम बर्नर्स-ली या इंग्रज तंत्रज्ञाने १९९० साली एक नवे साधन निर्माण केले. दूरच्या संगणकातील माहिती आपल्या संगणकावर वाचता यावी, असे ते साधन होते. त्याला त्यांनी 'वर्ल्ड वाइड वेब' असे नाव दिले. परंतु प्रारंभी ते वापरणारे थोडेच होते. वाचण्याजोगे काही नसेल तर वाचक येणार कसे, आणि वाचक नसतील तर माहिती मांडणार कोण?

सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ पॉल कुन्झ सर्नला आले. बर्नर्स-ली यांनी त्यांना आपले साधन दाखविले. कुन्झ यांना त्यात प्रथम विशेष काही वाटले नाही. मात्र त्यातून मोठ्या संगणकाला प्रश्न विचारून उत्तर मिळविता येते, हे पाहताच त्यांचे कुतूहल जागे झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत शास्त्रीय लेखांची प्रचंड सूची संगणकावर होती. पण ती धुंडाळावयाची तर त्या संगणकाच्या क्लिष्ट आज्ञा शिकाव्या लागत.

परतल्यावर कुन्झ यांनी ही हकीकत ग्रंथालयातील लुईझ ॲडिस यांना सांगितली. त्यांना ती कल्पना फारच आवडली. तरी दोन-अडीच महिने गेलेच! अखेर १२ डिसेंबर १९९१ रोजी ती सूची वेबवर आली. युरोपाबाहेरचे हे पहिले वेब-केंद्र होय.

पुढील महिन्यात फ्रान्समध्ये शास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे बर्नर्स-ली यांनी सर्वांसमक्ष स्टॅनफर्डच्या सूचीला प्रश्न विचारला, आणि अटलांटिक महासागरापलीकडून आलेले उत्तर पडद्यावर उमटले.