एका घरात दोन भांडारपाल

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतीतील कोणत्याही कारखान्याचे भांडार साठावहीच्या भरवशावर चालते. कोणता सुटा भाग केव्हा आला, कोठे ठेवला आणि कोणत्या यंत्रासाठी लागतो, हे सारे त्या वहीत नोंदलेले असते.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात हे काम पॅकेज व्यवस्थापक करतो. पॅकेज म्हणजे एखाद्या आज्ञावलीच्या फायली आणि तिला आणखी कशाकशाची गरज आहे याची माहिती, यांचे एकत्र बांधलेले गाठोडे होय. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला व त्याभोवती निरनिराळी वितरणे उभी राहिली. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनचा भांडारपाल 'डीपीकेजी' हा आहे. रेड हॅटने १९९५ मध्ये 'आरपीएम' आणला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची २००७ मधील 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर आधारलेली, म्हणून पहिल्या घराण्यातील. फेडोरा दुसऱ्या घराण्यातील.

आता समजा, आपल्या संगणकावर फेडोरा आहे आणि त्यावरच दुसऱ्या यंत्रासाठी डेबियनची प्रणाली सिद्ध करावयाची आहे. त्यासाठी डीपीकेजी मूळ संहितेपासून बांधता येते. प्रथम 'कॉन्फिगर' ही आज्ञा आवश्यक साहित्य आहे की नाही ते तपासते. 'मेक' संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करते. 'मेक चेक' चाचण्या घेते. 'मेक इन्स्टॉल' फायली जागेवर ठेवते. अडचण येते ती बहुधा नावांची. संक्षेपणासाठी लागणारा एकच संग्रह डेबियनमध्ये 'लिबएलझेडएमए-डेव्ह' या नावाने मिळतो, तर फेडोरात 'एक्सझेड-डेव्हेल' या नावाने. साहित्य तेच, चिठ्ठी निराळी.

परंतु बांधणी यशस्वी झाली म्हणजे काम संपले, असे मानणे धोक्याचे आहे. नव्या भांडारपालाची वही कोरी असते. संगणकात हजारो फायली असूनही त्याच्या लेखी तेथे काहीच नसते. त्याला डेबियनचे पॅकेज बसविण्यास सांगितले, तर आवश्यक पॅकेजे नाहीत म्हणून तो नकार देतो. येथे पुष्कळांचा धीर सुटतो व सक्तीचा पर्याय वापरून ते नकार मोडून काढतात. मूलभूत सी लायब्ररीच्या बाबतीत असे केल्यास, सर्व आज्ञावल्या सुरू करून देणारी 'लोडर' नावाची फाइलच बदलली जाऊ शकते. ती व जुनी लायब्ररी यांचा मेळ बसला नाही, तर फायलींची यादी दाखविणारी साधी आज्ञाही चालेनाशी होते. आणि आरपीएमच्या वहीत या फेरफाराची नोंदही नसते.

म्हणून दोन नियम पाळावेत. स्वतः बांधलेली साधने 'यूएसआर-लोकल' या राखीव निर्देशिकेत किंवा स्वतःच्या घर-निर्देशिकेत ठेवावीत. तसेच परक्या व्यवस्थापकाला चालू प्रणालीत हात घालू न देता, स्वतंत्र रिकामी निर्देशिका सोपवावी. तेथे तो आपले भांडार पायापासून उभारील. 'डीबूटस्ट्रॅप' हे साधन नेमके हेच करते. केवळ आतील फायली पाहावयाच्या असतील, तर डेबियनचे पॅकेज 'एआर' व 'टार' या सामान्य साधनांनीही उघडता येते.

शेवटी विश्वासाचा प्रश्न उरतो. डेबियनच्या भांडारातील सूचीवर अंकीय स्वाक्षरी असते व ती पडताळण्याच्या किल्ल्या डेबियनमध्ये आधीच असतात. परक्या वितरणात त्या खात्रीच्या मार्गाने मिळवाव्या लागतात. ही पडताळणी वगळली, तर गाठोडे कोणी बांधले हे कळण्याचा उपाय राहत नाही.

साधन बांधणे हे कौशल्याचे काम आहे. पण त्याची वही कोणत्या घराची आहे, हे ओळखणे त्याहून महत्त्वाचे होय.